लेसिएलीचं बोट

दर फेब्रुवारीत नवे इंटर्न आले, की मी त्यांच्यापुढे तासभर बोलायचो. पोरं त्याला 'सेमिसी डॉक्टरांचं प्रवचन' म्हणायची. रविवारी चर्चमध्ये दोन प्रवचनं ऐकून आलेल्यांना सोमवारी तिसरं नको असणार, हे मला कळत होतं. तरी बोलायचो. विषय एकच असायचा. तुमच्यातल्या कुणीतरी एकाने छाती उघडायला शिका, हृदयाचं काम शिका.

मी साधा सर्जन. अपेंडिक्स, हर्निया, साखरेने सडलेले पाय, भांडणात फुटलेली डोकी, हे माझं काम. आमच्या टोंगा देशाच्या कुठल्याच बेटावर हृदयाचा सर्जन नाही. लहानपणी पोरांचा घसा दुखतो, ताप येतो, गुडघे सुजतात, आई खोबरेल चोळते आणि सगळे विसरून जातात. पंधरा-वीस वर्षांनी तेच पोर जिना चढताना मध्येच थांबतं. तोवर हृदयाची झडप कातड्यासारखी कडक झालेली असते. वर्षातून एकदा ऑस्ट्रेलियाहून टीम यायची. हृदय थांबवून त्याचं काम करणारं मशीन पेट्यांत भरून आणायची, दहा दिवसांत वीस माणसांची ऑपरेशनं करायची आणि मशीन परत पेट्यांत भरून न्यायची. आमच्या यादीत साठ-पासष्ट नावं असायची. उरलेल्यांना मी सांगायचो, "पुढच्या वर्षी."

सात वर्षांच्या प्रवचनांतून तिघं उठले. पहिला ब्रिस्बेनला शिकायला गेला तो तिथलाच झाला, नाताळाला फोन करतो. दुसरी वर्षभरात डोळ्यांकडे वळली. तिसऱ्याने मेलबर्नहून चार महिन्यांत परत येऊन पाद्री व्हायचं ठरवलं. आता तो खरंखुरं प्रवचन देतो, आणि माझ्यापेक्षा बरं देतो.

मग लेसिएली आली. वावाउ बेटावरची पोरगी, बाप बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. ती बोलायची कमी, पण हातात सुई दिली की बघत राहावं. २०१९ ला टीम आली तेव्हा मी तिला मुद्दाम आत उभी केली. त्यांच्या सर्जनच्या कानात सांगितलं, पोरीला एकदा हात लावू द्या. त्यांनी तिचा तळवा धडधडत्या हृदयाखाली धरला. मास्कवरचे तिचे डोळे मी पाहिले आणि मनात म्हटलं, लागली गळाला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. ताटात उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचे दोन तुकडे होते, ते तिने नुसते इकडून तिकडे सरकवले.

"डॉक्टर, एक विचारू?"

"विचार की."

"मी तिकडे आठ वर्षं शिकले. परत आले. मग इथे कापायचं कशावर? मशीन तर ते घेऊन जातात."

"आधी माणूस लागतो, पोरी. माणूस असला की मशीन मागता येतं."

"हे त्या तिघांनाही सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं."

"मग मागितलंत का मशीन?"

मी हसून विषय बदलला. खरं म्हणजे मशीन मिळालं असतं, तरी ते वर्षभर चालवायला लागणारी पंधरा माणसं आमच्याकडे नव्हती, आणि मिळणारही नव्हती. तिला हृदय शिकवणं म्हणजे तिला देशाबाहेर घालवणं, हे मला माहीत होतं. पण यादी माझ्या टेबलावर असायची. रोज सकाळी ती दिसली, की वाटायचं कुणीतरी शिकलंच पाहिजे, पुढचं पुढे बघू.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे देशाचे दरवाजे बंद झाले. त्या वर्षी टीम आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आमच्याकडे साथ शिरली नाही म्हणून लोक दर रविवारी देवाचे आभार मानत होते. इकडे माझ्या यादीतली एकोणीस नावं गेली. त्यांच्यावर रेघ मारायचं काम मी लेसिएलीला दिलं होतं. ती पट्टी घेऊन सरळ रेघ मारायची.

कालोलाइने आमच्याकडे आली ती २०२१ च्या जुलैत. कोलोवाई गावची, वय चोवीस, सहावा महिना. यादीत ती दोन वर्षं होतीच. डॉक्टरांनी मूल होऊ देऊ नका म्हटलं होतं, पण नवरा-बायकोने आशा धरली. आता फुप्फुसात पाणी भरत होतं. आडवी झाली की गुदमरायची. पलंगावर चार उशा लावून तिला बसवून ठेवली होती, रात्रंदिवस. तशातही वॉर्डातल्या बायकांना हसवायची.

"डॉक्टर, माझा नवरा म्हणतो, तू राणीसारखी बसलीयेस," ती मला म्हणाली. "म्हटलं, ये, तू बस माझ्या जागी. मी खाली चटईवर घोरते."

फिजिशियन पाएआ माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने औषधं वाढवली होती. न्यूझीलंडला हलवण्यासाठी कागद गेले होते. उत्तर आलं, तीन ते पाच आठवडे लागतील.

"तीन आठवडे मी तिला ओढतो," पाएआ म्हणाला. "मग बाळ बाहेर काढू. हात लावू नकोस, सेमिसी."

"आणि नाही ओढली गेली तर?"

"तर नाही. पण तू काय करणार आहेस? तुझ्याकडे मशीन आहे?"

मशीन न लागणारी एक जुनी पद्धत मला माहीत होती. तरुणपणी मिशनच्या ओळखीने मी दक्षिण भारतातल्या एका इस्पितळात दहा महिने काढले होते. तिथे गरीब बायकांची झडप बोटाने उघडायचे. डावीकडून छाती उघडायची, हृदय चालूच ठेवायचं, वरच्या कप्प्याच्या कानाएवढ्या टोकाला छेद द्यायचा, त्यातून बोट आत घालायचं आणि चिकटलेली झडप दोन्ही बाजूंनी फाडायची. आंधळेपणाने, फक्त स्पर्शावर. मी सतरा वेळा पाहिलं होतं. दोनदा स्वतःच्या बोटाने केलं होतं. दोन्ही बायका चालत घरी गेल्या होत्या.

मी लेसिएलीला खोलीत बोलावून सगळं समजावलं. कागदावर हृदय काढून दाखवलं.

"तुम्ही करणार," ती म्हणाली.

"तू."

ती खुर्चीत मागे सरकली. "डॉक्टर, चेष्टा करू नका."

"माझं बोट बघ." मी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. पेरं सुजलेली होतीच, संधिवात आमच्या घराण्यातच आहे. "हे आत जाऊन वळणार नाही. तुझं बोट बारीक आहे, लांब आहे. मी बाजूला उभा राहून एकेक पायरी सांगतो. फाडायचं मात्र तू."

"पाएआ डॉक्टर काय म्हणतात?"

"तो फिजिशियन आहे. त्यांना थांबायची सवय असते."

तिने त्या चित्रातल्या झडपेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं, मला जमेल?"

"पोरी, तुला नाही जमणार तर या देशात कुणालाच जमणार नाही." हे मी अगदी मनापासून बोललो.

आमच्याकडे घरात शेवटचा शब्द बापाच्या बहिणीचा. कालोलाइनेची आत्या एलेनोआ, साठीची, धिप्पाड बाई, आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून माझ्यासमोर ताठ बसली. नवरा तिच्या मागे उभा होता.

"किती वेळा केलंयत हे?"

"दोनदा."

"कधी?"

"तीस वर्षं झाली."

नवऱ्याने मान खाली घातली. आत्याने डोळे मिटून ओठ हलवले, बहुधा प्रार्थना केली. मग विचारलं, "आमची पोरगी काय म्हणते?"

आम्ही वॉर्डात गेलो. कालोलाइनेने आत्याचा हात धरला. "आत्या, मला फक्त एकदा आडवं व्हायचंय," ती म्हणाली. "पाठ टेकून. बाकी काही नको."

आत्याने होकार दिला. बोट कुणाचं असणार, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी आठला सुरुवात केली. बरगड्यांमधून आत शिरेपर्यंत सगळं माझ्या हातांनी नीट झालं. हृदयावरचं आवरण उघडलं. ते हृदय मला आजही दिसतं. वरचा डावा कप्पा फुगून पपईएवढा झाला होता. त्याच्या टोकाभोवती मी दोरा ओवला, टोक चिमट्यात धरलं, छेद दिला.

"आता," मी म्हणालो.

लेसिएलीने बोट घातलं. मी दोरा आवळून तिच्या बोटाभोवती घट्ट केला. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती. बोटाने बघताना डोळे कुठेतरी ठेवावेच लागतात.

"काय लागतंय?"

"कडक आहे. बटणाच्या काजासारखं. बारीक."

"मध्ये टोक ठेव. आता पुढच्या बाजूला दाब. दाब अजून."

"सुटलं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "डॉक्टर, सुटलं!"

भूल देणारे म्हणाले, "प्रेशर वाढतंय. छान." मीसुद्धा हृदयाचा ठोका बदललेला पाहिला. तिथेच थांबायला हवं होतं. एक बाजू सुटली होती, तेवढ्यावर ती बाई तीन महिने सहज काढू शकली असती. भारतातल्या माझ्या गुरूंनी बजावलेलं होतं, पहिल्यांदा करताना हाव धरू नका.

"आता मागची बाजू," मी म्हणालो.

"पुरे नाही का?"

"अर्धवट काम शिकू नकोस. दाब."

तिने दाबलं. काही सेकंद काही झालं नाही. मग तिचा खांदा किंचित खाली गेला, जसा अडकलेलं दार अचानक उघडल्यावर जातो.

"मागे येतंय," ती म्हणाली.

"काय?"

"धार. माझ्या बोटावर. मागे येतंय सगळं."

झडप जोडावर न सुटता पाकळीतच फाटली होती. पुढे जायचं रक्त प्रत्येक ठोक्याला मागे फुप्फुसांत उसळत होतं. अशी झडप शिवायला हृदय थांबवावं लागतं, आणि त्याला मशीन लागतं. मी तिला बोट काढायला सांगितलं, टोक बांधलं, छाती शिवली. श्वासाच्या नळीतून गुलाबी फेस येत होता. दुपारी पोटातलं बाळ गेलं. पावणेचारला कालोलाइने गेली. तेव्हा ती पाठीवर आडवी होती.

नवऱ्याला आणि आत्याला मी सांगितलं. नवरा भिंतीला धरून खाली बसला. आत्या म्हणाली, "तिला आंघोळ आम्ही घालू." एवढंच.

इस्पितळाच्या ऑफिसातून निरोप आला, की चौकशी होईपर्यंत त्या घराकडे जाऊ नका, काही कबूल करू नका. अंत्यसंस्कार शनिवारी झाले. सोमवारी पहाटे मी कपाटातून आईची सगळ्यांत जुनी, फाटकी चटई काढून कमरेला बांधली, गळ्यात पानांची माळ घातली आणि गाडीत बसलो. एवढी मोठी चूक झाली की आमच्यात असंच जातात. त्यांच्या अंगणात जमिनीवर बसायचं, मान खाली, आणि कुणी बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. ते आले तर माफी. कुऱ्हाड घेऊन आले तरी उठायचं नाही.

कोलोवाईला पोचलो, तर फाटकापाशी लेसिएली उभी. तिच्याही कमरेला फाटकी चटई, गळ्यात पानं.

"तू कशाला आलीस? घरी जा."

ती आत जाऊन अंगणात बसली. मी तिच्या शेजारी बसलो. ऊन वर आलं. एक डुकरीण पिल्लं घेऊन आमच्या पुढून गेली. आत बायका भजन म्हणत होत्या, ते थांबलं. नवरा एकदा दारात आला, आमच्याकडे बघून परत आत गेला. तीन तास झाले असतील. माझे पाय बधिर झाले.

मग एलेनोआ आत्या बाहेर आली. शोकाच्या काळ्या कपड्यांत. तिने वाकून आधी माझ्या गळ्यातली माळ काढली, मग लेसिएलीच्या. म्हणजे माफी झाली. मी रडलो. पण आत्या उभीच राहिली.

"पाएआ डॉक्टर पुरायला आले होते," ती म्हणाली. "ते म्हणाले, बोटाने केलं. बोट कुणाचं होतं?"

"माझं," लेसिएली म्हणाली.

आत्या खाली बसली. तिने लेसिएलीचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, बोट उलटसुलट करून पाहिलं.

"तुला करायचं होतं?"

"नाही."

"मग?"

लेसिएलीने माझ्याकडे पाहिलं नाही. "डॉक्टरांची बोटं दुखतात," ती म्हणाली. "वाकत नाहीत. दुसरं कुणी नव्हतं."

आत्याने मान हलवली. आतून आमच्यासाठी उकडलेला याम कंद आणि मासे आले. खाल्ल्याशिवाय निघता येत नव्हतं, म्हणून खाल्लं.

परत येताना लेसिएली माझ्या गाडीत बसली. राजधानी नुकुआलोफा जवळ आली. तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "तुमचं बोट वाकतं, डॉक्टर."

मी स्टिअरिंगवरची बोटं सरळ केली.

"मी रोज तुम्हाला गाठी मारताना बघते. पोटाच्या तळाशी, जिथे माझा हात पोचत नाही तिथे तुमचं बोट जाऊन वळतं. त्या दिवशीही मला माहीत होतं."

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात, या देशात दुसऱ्या कुणाला जमणार नाही." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "ऐकायला बरं वाटलं."

मी गाडी कडेला घेतली. सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, दुखतं हे खोटं नव्हतं. म्हटलं, तू एकदा आतून हृदय उघडलंस की तुला कुणी परत फिरवू शकलं नसतं, असं मला वाटलं. म्हटलं, सात वर्षं मी एक माणूस शोधत होतो.

"आणि ती?" लेसिएलीने विचारलं. "ती काय होती? माझा धडा?"

लेसिएली तिथे नसती, तर मी कालोलाइनेला हात लावला असता का? कधी वाटतं लावला असता, कारण पाएआने तिला ओढलं असतं याचीही खात्री नव्हती. कधी वाटतं, मी स्वतः केलं असतं आणि एक बाजू सुटल्यावर थांबलो असतो. चौकशीत निष्पन्न झालं, की परिस्थिती अपवादात्मक होती. बोटाबद्दल मी तिथे खरं सांगितलं. कारकुनाने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

देशाचे दरवाजे उघडले तेव्हा मेलबर्नहून पत्र आलं. छातीची शस्त्रक्रिया शिकण्याची एक जागा, पूर्ण शिष्यवृत्ती, नाव लेसिएलीचं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ते पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवलं.

"मी हाआपाईच्या बेटांवर जातेय," ती म्हणाली. "शाळाशाळांतून पोरांची हृदयं तपासायची, घसा दुखला की पेनिसिलिन टोचायचं. पाएआ डॉक्टरांनी कामाला लावलंय."

"ते नर्सही करू शकते, लेसिएली. तुझे हात—"

"माझ्या हातांबद्दल बोलू नका."

ती जागा दुसऱ्या देशाच्या कुणालातरी गेली. त्या फेब्रुवारीत मी इंटर्नपुढे बोललो नाही. कुणी विचारलंही नाही. टीम पुन्हा येऊ लागली, दहा दिवस, वीस माणसं.

मागच्या सप्टेंबरमध्ये लहान विमानाने मी हाआपाईला गेलो. सरकारी कामाचं निमित्त काढलं होतं. एका शाळेच्या वर्गात तिने पडदा लावला होता, मागे पलंग, हातात मावेल एवढं सोनोग्राफीचं यंत्र. पोरं शर्ट काढून ओळीत उभी होती, एकमेकांच्या पोटाला चिमटे काढत. तिने मला पाहिलं, आश्चर्य दाखवलं नाही.

"बसा. ते स्टूल घ्या."

मी बसलो. पलंगावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. लेसिएली यंत्र छातीवर फिरवत होती आणि तिच्याशी मासळीबद्दल बोलत होती. मग बोलणं थांबलं. तिने यंत्राचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. झडप जाड झालेली, उघडताना अडखळत होती. टोचण्याची वेळ कधीच निघून गेली होती.

"या वर्षातली ही चौदावी," लेसिएली हळू आवाजात म्हणाली. "पेनिसिलिन टोचून ज्यांचा आजार थांबेल असे खूप सापडतात. पण शोधायला लागलं की हेही सापडतात. पूर्वी हे न कळता मरायचे. आता नाव लिहून मरतात."

"मी यादीत घालतो."

"ती सत्तरच्या पुढे गेलीय ना?"

"ब्याऐंशी."

ती मुलीच्या छातीवरचं जेल पुसू लागली. मी सांगितलं, की मी डिसेंबरात निवृत्त होतोय.

ती थांबली. "मग मी नावं कुणाकडे पाठवायची?"

"माहीत नाही."

"कुणीच नाही? नव्यांपैकी?"

"कुणी नाही."

तिने कागद ओढला आणि मुलीचं नाव, गाव, बापाचं नाव लिहिलं. मुलगी शर्ट घालता घालता विचारत होती, "डॉक्टर, मी धावण्याच्या शर्यतीत जाऊ का?" लेसिएलीने तिच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "या वर्षी नको." मग तो कागद माझ्या हातात दिला आणि पडद्याबाहेर तोंड काढून पुढच्याला हाक मारली.